पांढरी पाचच्या जरा वर

रुलोफ नावाचा डच इंजिनियर करार संपवून निघाला
तेव्हा चाळीस रियालला त्यानं मला ॲम्प्लिफायर दिला,
दोन स्पीकर, आणि उन्हानं झाकण पिवळं पडलेलं टर्नटेबल.
"थोडा आवाज करतो," म्हणाला टॅक्सीत बसता बसता.
थोडा म्हणजे किती, हे सांगायला थांबला नाही.

सोहारला उन्हाळ्यात रात्री नऊलाही
खिडकीची काच बाहेरून घामेजते.
सुट्टीवर गेलो, एसी बंद राहिला, की स्पीकरचा फोम कुजतो;
परत येऊन हात लावावा तर कडा बोटाला चिकटून येतात.
ते निस्तरलं. नवी रिंग, आणि कॉइल मधोमध बसावी म्हणून
भोवती खोचल्या जुन्या फोटोंच्या निगेटिव्हच्या पट्ट्या.
व्हॉल्यूमची खरखर गेली एका फवाऱ्यात,
बटण पन्नासदा इकडून तिकडे फिरवून,
तिजोरीला कान लावलेल्या चोरासारखं.

राहिलं ते हूं.
रेकॉर्ड नसताना, काहीच नसताना, दिवा लागला की नुसतं हूं,
गोष्ट सांगणाऱ्याला कुणी झोपेत हुंकार द्यावा तसं.

थंकचन मेकॅनिक म्हणाला, अर्थिंगची पिन कापून टाक.
मी रिफायनरीत सेफ्टीला आहे,
लोकांच्या डोक्यावर हेल्मेट चढवण्याचा पगार घेतो.
नाही म्हटल्यावर त्यानं चहा मागवला आणि क्रिकेटवर आला.

मग शुक्रवारमागून शुक्रवार.
एकेक वायर उपसायची, कान द्यायचा.
टर्नटेबल काढलं: हूं.
कॅसेट डेक काढला: हूं.
फ्रीज बंद केला: हूं, आणि वरून कुंदा, दह्यावरून.

त्याच दिवसांत कधीतरी स्वयंपाकघरातून सूर आला.
कुंदा मिरजेला अकरा वर्षं शिकली.
तंबोरा माहेरीच राहिला, विमानात कोण चढवणार.
एकवीस वर्षांत मी तिचं गाणं ऐकलं ते मुलाच्या पाळण्यापुरतं.
आता भेंडी चिरत ती त्या हूंवर, दोन सप्तकं वरून, सा लावत होती.
"पांढरी पाचच्या जरा वर आहे," म्हणाली, मी विचारलं नसताना.
"पण हलत नाही हो. आमचा तंबोरा सारखा उतरायचा."
पन्नास हर्ट्झ, मी म्हणालो, विजेचा सूर तो,
इथपासून मस्कतपर्यंत सगळ्या तारांत हाच.
"मग साथीला बरेच जण आहेत," म्हणाली, आणि भेंडी फोडणीला टाकली.

दोष सापडला गच्चीवर.
डिशची केबल. तिथून टीव्हीत, टीव्हीतून ॲम्प्लिफायरमध्ये;
दोन अर्थिंगांचं भांडण, आणि मध्ये माझे स्पीकर.
केबल उपसली.
घड्याळाचा काटा ऐकू आला.
रेकॉर्ड लावली. सारंगीवाल्यानं मींड घेण्याआधी घेतलेला श्वास,
खाली करकरलेलं लाकूड,
लांब कुठेतरी कुणीतरी ठेवलेला कप.
चाळीस वर्षांपूर्वीची एक खोली, भिंतींसकट,
माझ्या दोन स्पीकरांच्या मध्ये येऊन उभी राहिली.
तिला हाक मारणार, तर ती दारातच. हाताला पीठ.
"बंद पडलं का?"

"दुरुस्त झालं," मी म्हणालो.
तिनं अख्खी बाजू उभ्यानं ऐकली. "छान," म्हणाली, खरंच म्हणाली.
आत गेली. त्या रात्री पोळ्या झाल्या
त्या नुसत्या लाटण्याच्या आवाजात.

आता ती केबल मागे लोंबत असते.
रेकॉर्ड ऐकायची असली की काढून ठेवतो.
एरवी सातच्या सुमाराला, आत परात खडखडली की,
परत खोचतो, बटण थोडं चढवतो,
आणि सवयीनं वाकून बघतो,
पिन शाबूत आहे ना.